सोबत्यासाठी सोडलेलं गोड

सकाळी डब्यात भाकरी घालून द्यावी, तर संध्याकाळी त्यातून किस्से निघतात! आमच्या दत्तूला औरंगाबादच्या कॉलेजात घातल्यापासून माझ्याजवळ इतके साठलेत, की व्रताची कहाणी वाचायला बसले तरी मधे तेच आठवतात. देव माफ करो.

जालन्याहून रोज गाडीनं जाणं-येणं. पहिला महिनाभर डबा अर्धा परत यायचा.

"भूक न्हाई का रे?"

"सगळे घोळक्यानं बसून खातात, आई. एकट्यानं डबा उघडायची लाज वाटती."

मी राजूरच्या गणपतीला नवस बोलले, 'दत्तूचा सोबती माझ्या घरी पोटभर जेवून हात धुईल, तेव्हाच मी गोड खाईन.' घरात कोणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना वाटलं, बिनगुळाचा चहा वैद्यानं सांगितलाय!

* * *

हे घोळके होतात तरी कसे, मला मोठं कुतूहल. दत्तूला खोदून खोदून विचारलं.

"गाडीत जालन्याची पोरं पुढं बसतात, बदनापूरची मागं."

"असं कोणी ठरवलं?"

"कोणी न्हाई. पहिल्या दिवशी जो जिथं बसला, तो तिथंच."

"म्हणजे पंगतच की!"

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "पंगतीत वाढपी तरी सगळ्यांकडं फिरतो!"

* * *

एकादशीला आमच्याकडे दुसरा स्वयंपाक नसतो. डब्यात भगर अन् शेंगदाण्याची आमटी दिली. दत्तू फुगूनच गेला. संध्याकाळी डबा चाटूनपुसून लख्ख!

वर्गातल्या कासीमनं शेजारी बसून निम्मं संपवलं होतं. सासूबाई असत्या तर डबाच फेकायला लावला असता. मी तो चिंचेनं घासला, अन् पुढच्या एकादशीला भगर दुप्पट भरली.

कासीमचा निरोप आला, "अम्मीला विचार, एकादशी दर आठवड्याला करता येत न्हाई का?"

मी आशेनं विचारलं, "मंग झाली का रे दोस्ती?"

"झाली. एकादशीपुरती!"

* * *

दत्तूच्या तोंडी सारखं एकच नाव, बदनापूरचा विसू. तो हसला की सगळे हसतात, तो उठला की सगळे उठतात.

"मंग बोल की त्याच्याशी."

"त्याला काय कमी हाय, आई? त्याच्याभोवती जत्रा असती."

एकदा परतीच्या गाडीत पुढं गर्दी म्हणून दत्तू मागं शिरला. विसूजवळच्या खिडकीत पंचा टाकून जागा धरलेली. दत्तू उभाच.

"बस की!" विसू म्हणाला.

"कोणाची जागा हाय?"

"तुझीच! आठ दिवस झाले पंचा टाकून राह्यलो. तू इकडं फिरकतच न्हाईस!"

* * *

श्रावणातला शुक्रवार, कॉलेजला सुट्टी. जिवतीची पूजा, पुरणाचा नैवेद्य. विसू जेवायला आला, संगं त्याची आईही. पोरं पानावर बसली. मी त्या माउलीच्या हातावर प्रसादाचं पुरण ठेवलं. तिनं ते तसंच धरलं.

"घ्या की, ताई."

"घेते, पण जरा थांबून. गोड सोडलंय मी."

"कशापायी?"

ती दाराशी सरकून हळूच म्हणाली, "आमच्या विसूपायी. सगळ्यांना हसवतो, पण जिवाचा सोबती एक न्हाई. घरी येऊन गप पडून राहायचा. मंग देवीला बोलले, सोबत्याच्या घरी पोटभर जेवून हात धुईल, तवाच गोड."

मी आत गेले, चिमूटभर पुरण माझ्याही हातावर घेतलं अन् तिच्याजवळ येऊन उभी राहिले. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोळ्याला पदर लावला अन् खुदकन हसली.

पानावर विसू रंगात आला होता. "मावशी, आणखी एक पोळी!" वाढली. "मावशी, तूप!" वाढलं. दत्तू हसतोय, हे आग्रह करतायत. हातातलं पुरण घामेजून गेलं. अन् पोरगं म्हणतंय, "मावशी, अजून अर्धी!"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "विसू, पुरे आता! जल्दी ऊठ अन् हात धू!"