उसनं डोकं

"जरा डोकं देता का?"

सकाळचा चहा हातात घेतला की मागून हा प्रश्न यायचा. नवा माणूस दचकायचा. आम्ही जुने लोक मान न वळवताच म्हणायचो, "साहेब, आज मीटिंग आहे."

पुण्याजवळच्या माण गावातल्या आमच्या छोट्याशा कंपनीत साहेब अँटेना बनवायचे. टॉवरच्या नव्हेत, टोपीच्या आत बसतील अशा. त्यांतून अगदी सौम्य लहरी डोक्यात सोडायच्या आणि परत येणाऱ्या लहरींवरून मेंदूत कुठे रक्तस्राव झालाय का, ते पाहायचं, तेही ॲम्ब्युलन्समध्येच. टोपीच्या प्लास्टिकचं काम माझ्याकडे होतं, म्हणून माझं टेबल त्यांच्या शेजारी.

चाचणीला डोकी लागायची. रीतसर परवानगी होती, धोका काही नव्हता. पण टोपीखाली चिकट जेल लावावं लागे, आणि ते केसांतून निघता निघत नसे. साहेबांना टक्कल. लोक का टाळतात, हे त्यांना कधी कळलंच नाही.

पहिल्या अँटेना तळहाताएवढ्या होत्या. लहान केल्या की टेबलावर झकास चालायच्या आणि डोक्याला लावताच बिघडायच्या. "हवेत शहाणी आहे हो," साहेब म्हणायचे. "माणूस जवळ आला की हिचं गणित चुकतं. आपल्याला अशी पाहिजे, जी माणसाला टेकल्यावरच नीट चालेल." स्वतः साहेब मात्र कँटीनमध्ये कोणी शेजारी येऊन बसलं की भराभर घास गिळून उठायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पिंपळे गुरवला ते एकटेच राहायचे. एका दिवाळीत मी त्यांना बळंच घरी नेलं. फराळापेक्षा त्यांचं लक्ष माझ्या सासऱ्यांकडे. "काय सुरेख गोल डोकं आहे तुमचं!" सासरे पुढे आठवडाभर आरशात बघत होते.

मग आबा भेटले. गावातले म्हातारे, आमच्या फाटकासमोर उन्हाला बसायचे. आमची इमारत उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं शेत होतं. एका शनिवारी साहेबांनी त्यांनाही विचारलं.

"घ्या की," आबा म्हणाले. "घरात कुनाला लागत न्हाई."

तेव्हापासून दर शनिवारी आबा संमतीपत्रावर सही करून टोपी घालून बसू लागले. मोजणी चालू असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. ती संपली की दोघं गप्पा मारत. म्हणजे आबा बोलत. विहीर कुठं होती, कुठली म्हैस लाथ मारायची. साहेब ओल्या फडक्याने त्यांच्या डोक्यावरचं जेल पुसत. डोकं केव्हाच स्वच्छ झालेलं असे, तरी पुसत राहत.

"घावलं का काय आत?"

"नाही आबा, सगळं नीट आहे."

"मंग बरं हाय."

रुपयाएवढी अँटेना पहिल्यांदा नीट चालली ती आबांच्याच डोक्यावर. साहेब हळूच म्हणाले, "आबा, जमलं."

आबांचा चेहरा उतरला. "म्हंजी आता यायचं न्हाई?"

"यायचं ना!" साहेब घाईघाईने म्हणाले. "अजून पुष्कळ मोजायचंय."

त्या पावसाळ्यात आबा झोपेतच गेले. दोन शनिवार साहेब फाटकापर्यंत जाऊन परत आले, मग वॉचमनकडून कळलं. दहाव्याला मी त्यांच्याबरोबर नदीवर गेले. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. "आणखी कुणाला श्रद्धांजली वाहायचीय का?" असं विचारल्यावर साहेब उठले. मी थक्कच झाले. त्यांनी माइक हातात घेतला.

"आबा शनिवारी यायचे," ते म्हणाले. आणि माइक सरपंचांच्या हातात देऊन खाली बसले. आबांच्या मुलाने मला विचारलं, "हे कोण पाव्हणं?"

त्यानंतर साहेबांनी कुणाकडे डोकं मागितलं नाही. वर्षभरात आमचं डिझाइन परगावच्या एका मोठ्या कंपनीने घेतलं. त्यांना टोपी हवी होती, अँटेना हव्या होत्या. साहेबांचा विषय कोणी काढला नाही.

साहेबांची नोकरी संपली. त्यांच्या निरोपाला आम्ही केक आणला. हॉलमध्ये सगळे जमलो आणि मी साहेबांना बोलवायला गेले, तर टेबल आवरलेलं, खुर्ची आत सरकवलेली. फोन लावला, तो बंद. वॉचमन म्हणाला, "साहेब मघाशीच गेले."

बराच वेळ थांबून शेवटी केक आम्हीच कापला. त्यांचं नाव असलेला तुकडा मात्र कोणी उचलेना.