तीर्थात भिजवलेला दोर

चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोणी वाहून वाहून मी स्वतःची पेढी उभी केली. बापाकडून मिळालं ते फक्त नाव, म्हणून त्या नावाला कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं. चैत्रातल्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटाजवळचं माचाण माणसांसकट कोसळलं, माझा गुडघा चिरडला, आणि गावचे पंच म्हणाले, "यानं खंडोबाला बोललेली घंटा वाहिली न्हाई. देवानं धडा दिला." घंटा राहिली होती हे खरं, कासार भाव उतरवीना. पण माझ्याबरोबर बायकापोरंही पडली होती. त्यांनी कुठली घंटा बुडवली होती? सहा महिने खाटेवर पडून मी देवाशी भांडलो. घरात त्याच्यापुढे दिवा लावू दिला नाही.

ढिगाऱ्यातून मला काढणारा कुणी परका गाडीवान होता. त्यानं खांद्यानं वासा उचलून धरला, मला ओढलं आणि स्वतःचं मुंडासं फाडून पाय बांधला. मग माचाणाचा सुटलेला दोर चाचपून म्हणाला, "वला बांधलाय, राव. वाळला की ढिला पडणारच." एवढं बोलून तो गर्दीत गेला. पुढे मोशीपासून खेडपर्यंत विचारलं, सापडला नाही.

आमच्या गावी माचाणाचे दोर देवळाच्या कुंडातल्या तीर्थात भिजवूनच बांधायची रीत. गोणी आवळण्यात जन्म गेलेल्या मला वाखाच्या दोराची खोड ठाऊक होती. पण तीर्थ म्हटल्यावर माझीही अक्कल बंद पडली होती.

फाल्गुनात पुढच्या यात्रेचं ठरवायला पंच देवळात बसले. मी काठी टेकत गेलो आणि सांगितलं, यंदा दोर कोरडे बांधा.

पाटील उसळले. "तीर्थाला नावं ठेवतोस? एका पायानं भागलं न्हाई व्हय?"

"देवाला नाही, तुमच्या गाठीला नावं ठेवतोय," मी म्हणालो. "तुमच्याच हातानं भिजवून बांधा. दुपारी बघू."

पाटलांनी दोर कुंडात बुडवला आणि दीपमाळेला एक वासा करकचून आवळला. आम्ही ओवरीत बसलो. तेवढ्यात आभाळ भरून आलं. पंचांतला एकजण हसला, "देव कुणाच्या बाजूनं हाय, बघ की!" दोर सुटला नाही तर जन्मभर मी देवानं मारलेला माणूस ठरणार होतो, आणि चैत्रात त्याच ओल्या गाठींवर पुन्हा पोरं बसणार होती.

वर्षभरात पहिल्यांदा मी गाभाऱ्याकडे पाहिलं. घासाघीस माझ्या रक्तात आहे. ओठांवर आलंच होतं, एवढं कर, दोन घंटा वाहतो. पण ते मी गिळलं. म्हणालो, जे खरं असेल ते दिसू दे, माझ्या विरुद्ध असलं तरी. देवाशी सौदा न करता बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य.

ढग पांगले. ऊन असं तापलं की फरशीवर पाय ठरेना. उन्हं डोक्यावर आल्यावर म्हातारे गुरव उठले आणि दोराखाली हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी वासा जरा हलवला, तर तो सरसरत खाली बसला.

"सांगितलं देवानं," गुरव म्हणाले.

मग पाटलांनी गाभाऱ्याकडे हात जोडले. "चूक आमची."

"तिकडं नको," मी म्हणालो. "माझ्याकडं बघून म्हणा."

त्यांचे डोळे लाल झाले होते. पण ते वळले आणि म्हणाले.

त्यानंतर आमच्याकडे माचाणाचे दोर कोरडे बांधतात आणि तीर्थ गाठ मारल्यावर नुसतं शिंपडतात. तो गाडीवान कोण होता याचा मी खल करत नाही. तो आला, तेवढं मला पुरे. शरण कुणाला जायचं आणि कुणाला नाही, हे मला त्या ओवरीत कळलं. गुडघा आता वाकत नाही, म्हणून मी खंडोबापुढे ताठ उभा राहूनच हात जोडतो. त्यानं कधी राग धरल्याचं दिसलं नाही.