विकास शुल्काच्या बाकावरचे काका

सोलापुरात महापालिकेत बांधकाम परवाना काढायला गेलो तेव्हा माझे केस काळे होते. परत आलो तेव्हा केसच नव्हते. त्या छळात एकच दिलासा होता, बाकावर शेजारी बसणारे एक काका. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

काकांच्या पोराचं लग्न ठरलेलं आणि घर एका खोलीचं. वर दुसरी खोली चढवायची तर परवाना हवा, आणि परवान्याआधी विकास शुल्क भरायला हवं. रोज दुपारी काका फडक्यातली कडक भाकरी मोडून शेंगाचटणीसकट अख्ख्या रांगेला वाटायचे. त्या कडकडाटाने बंद पंखा फिरायला लागायचा, टेबलामागचा बाबू मात्र हलायचा नाही.

"कसला विकास, साहेब?" काका विचारायचे. "गल्लीत मुरूम आमी टाकला, गटार आमी खणलं. पैसे तुमीच द्या की आमाला!"

"रस्ते-गटारांसाठीच असतं ते शुल्क, काका. भरा, त्याशिवाय फाईल हलत नाही," बाबू म्हणायचा.

शेवटी लग्न तोंडावर आलं आणि काकांनी शुल्क भरलं. आठवड्याने परवाना हातात पडला. तो घडी करून त्यांनी टोपीत ठेवला आणि पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसले.

बाबू चक्रावला. "आता काय राहिलं, काका? मिळाला की परवाना!"

"खोलीचं झालं, व्हय," काका ऐसपैस मांडी घालत म्हणाले. "पन रस्त्याचे बी पैसे घेतलेत न्हवं? तेवढा रस्ता द्या, घेऊन जातो."

मी सरकून त्यांना नीट जागा करून दिली. आता बरेच दिवस बसायचं होतं त्यांना.