एकोणीस व्होल्टचा ‘हं’

खोटं बोलायला किती शब्द लागतात, सांगा बरं? तुम्ही म्हणाल, निदान एक वाक्य तरी हवं. बे दोक-सूला अख्खा शब्दही लागला नाही. त्याने नुसतं ‘हं’ केलं. तेही मान वर न करता, स्क्रू फिरवता फिरवता.

दोक-सू म्हणजे योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातला, दुसऱ्या मजल्यावरचा लॅपटॉपवाला. वय अठ्ठावन्न. बाजाराला उतरती कळा लागली, आजूबाजूची निम्मी शटरं कायमची खाली आली, पण हा गडी आपल्या दीड माणसाच्या गाळ्यात ठाण मांडून होता. शाळा अर्धवट सुटलेली. भंगारातली मशिनं उघडून उघडून शिकला, आणि त्याचा त्याला ताठाही तेवढाच. बंद पडलेला लॅपटॉप समोर आला की त्याचा क्रम ठरलेला. आधी अडॅप्टरचा दिवा लागतो का बघायचं. मग वायर काढायची, बॅटरी काढायची आणि चालू करायचं बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं, म्हणजे आत अडकून बसलेली वीज निघून जाते. मग बॅटरी बाजूलाच ठेवून नुसत्या वायरवर चालू करून बघायचं. तरी नाहीच, तर मेमरीची पट्टी काढून, पुसून, परत बसवायची. दहातले सहा इथवर उठून बसतात, असं तो छातीठोक सांगायचा, आणि ते खरंही होतं.

एकच गोष्ट तो गिऱ्हाइकासमोर करत नसे. चष्मा लावत नसे. बारीक अक्षरं डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायचा आणि वाचल्यासारखं करायचा.

त्या सोमवारी दुपारी चार वाजता ओक ह्वा-जा आली. शाळेच्या स्वयंपाकघरात नऊशे पोरांचं जेवण रांधणारी बाई. केसांना तळणाचा वास, मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग. छातीशी धरलेल्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला वहीएवढा जुना लॅपटॉप.

“मालक, काल रात्रीपर्यंत चांगला होता हो. सकाळी बटण दाबलं तर काही नाही. दिवा नाही, आवाज नाही.”

“पडला होता? पाणी सांडलं?”

“नाही. म्हणजे, मला तरी माहीत नाही.” तिने मान खाली घातली. “हा माझा नाही मालक. आमच्या संघटनेचा आहे. वीस जणींनी वर्गणी काढून घेतलाय. मी चिटणीस, म्हणून माझ्याकडे.”

त्या लॅपटॉपात काय होतं, ते सांगतो. चार वर्षांची धुराची नोंद. कुठल्या दिवशी काय तळलं, चुलीवरचा पंखा किती वेळ बंद होता, कोण खोकत घरी गेलं. दोघींच्या फुप्फुसात गाठ निघाली, तेव्हा वरचे साहेब म्हणाले, धुराचा पुरावा काय? धूर मोजायचं यंत्र शाळेकडे नव्हतं. या बाईकडे वही होती, आणि वहीतलं ती दर रविवारी एका बोटाने या डबड्यात उतरवत होती.

“बसा ताई, बघतो,” दोक-सू म्हणाला.

ती बसली नाही. “तुम्हाला कॉफी आणते,” म्हणून जिन्याजवळच्या मशिनकडे गेली. आमच्याकडच्या बाया अशाच, स्वतःचं काम पैसे देऊन करून घेतानाही समोरच्याची सेवा केल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नसते.

दोक-सूने क्रम सुरू केला. अडॅप्टरचा दिवा लागला, पण बॅटरी काढून, बटण दाबून, परत वायर खुपसली तरी लॅपटॉप ढिम्म. त्याने वायरची मान चाचपली, जिथे ती पिनेला मिळते तिथे. आत तार तुटलेली, बोटाला मऊ लागत होती. बॅटरी तर म्हातारी होऊन कधीच गेलेली. म्हणजे दुखणं एवढंच होतं, वायर बदलायची. पाच मिनिटांचं काम. त्याने पायाशी असलेल्या बेवारस अडॅप्टरांच्या खोक्यात हात घातला, एक काढला, हातभर लांब धरून वाचल्यासारखं केलं आणि पिन भोकात घातली. बरोब्बर बसली. या बाजारात सगळे म्हणतात, बसली की आपली.

टच्च असा आवाज झाला. मग जळका वास आला.

त्या छोट्या लॅपटॉपला बारा व्होल्ट लागत. त्याने एकोणीसचा लावला होता.

“काय जळालं का रे?” शेजारच्या गाळ्यातून वायरी विकणाऱ्या प्यो सून-रे बाईने मान काढली.

“तुझं तोंड.”

“माझं तोंड जळालं तर निदान बाजार शांत होईल. तुझं काय जळालं ते सांग.”

तेवढ्यात ह्वा-जा दोन कागदी पेले घेऊन आली. दोक-सूने सून-रेच्या डोळ्यांदेखत अडॅप्टर पायाने खोक्यात सरकवला. लॅपटॉपचं खालचं झाकण त्याने घाईने उघडलं होतं, आतल्या बोर्डाच्या पाटीवर काळा डाग.

“बोर्ड जळलाय,” तो म्हणाला. हे खरं होतं.

तिचा चेहरा उतरला. “माझ्याच हातून झालं असणार. घरी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत ठेवत होते. वाफ गेली असेल आत. मला शेजारीण म्हणाली होती, तिथे नको ठेवू म्हणून. माझ्या वाफेनेच गेला ना, मालक?”

तेव्हा तो म्हणाला, “हं.”

आता दोक-सू अगदीच दगड नव्हता. त्याने डिस्क काढली, स्वतःच्या मशिनला जोडली आणि रात्रीपर्यंत खपून एकेक फाईल वाचवली. मंगळवारी ती आली, तेव्हा सगळी नोंद पेनड्राइव्हवर तयार. ती पाकीट काढायला लागली.

“राहू द्या ताई. सर्व्हिस.”

आमच्याकडे ‘सर्व्हिस’ म्हणजे दुरुस्ती नव्हे. खानावळीत न मागता ताटात पडलेलं अंडं, भाजीवालीने वरून टाकलेली मूठभर मिरची, ती सर्व्हिस. म्हणजे फुकट, आणि वर देणाऱ्याचं मोठेपण. दोक-सूला वाटलं होतं, पैसे घेतले नाहीत की फिटलं. पण बाई कमरेत इतकी वाकली की तिची पिशवी जमिनीला लागली, आणि त्याला स्वतःच्या चपला बघत बसावं लागलं.

एवढ्यावर थांबतं तर बरं होतं. ह्वा-जाने रात्री बायांच्या ग्रुपवर लिहिलं की योंगसानला एक देवमाणूस आहे. बुधवारी तीन बाया आल्या. कुणाच्या लेकाचा लॅपटॉप, कुणाचा मोबाईल. येताना खरपुडीची पाकिटं घेऊन आल्या. शाळेच्या मोठ्या भांड्यांच्या तळाला लागलेला भात खरवडून, वाळवून केलेली.

“ह्वा-जा ताई म्हणाली, तुम्ही तिची अब्रू राखलीत,” एक जण म्हणाली. “तिच्याच हलगर्जीपणाने गेला, पण तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत.”

“कोण म्हणतं हलगर्जीपणा?”

“तीच म्हणते. सगळ्यांना सांगत फिरते.”

बाया गेल्यावर सून-रे खरपुडीचा तुकडा मोडत म्हणाली, “छान लागते. पापाची असली तरी कुरकुरीत आहे.”

“सून-रे, गप बस.”

“मी काय बोलले? एकोणीसचा अडॅप्टर मी लावला का?” ती त्याच्याकडे न बघता चावत राहिली. “माझी म्हातारी म्हणायची, ज्याचं मीठ खाल्लं त्याला फसवू नये. तू तर आधी फसवलंस आणि मग मीठ खाल्लंस. उलटाच धंदा.”

तो चिडला. चष्मा लावून तिसराच लॅपटॉप उघडून बसला आणि अर्धा तास एकही स्क्रू त्याच्या हातून निघाला नाही. खरपुडीची पाकिटं मात्र संध्याकाळपर्यंत संपली. तेही त्याच्या लक्षात आलं.

गुरुवारी ह्वा-जा परत आली. यावेळी हातात काही नव्हतं.

“शनिवारी आमची सभा आहे,” ती म्हणाली. “चिटणीसपद सोडणार आहे. म्हटलं, तुम्हाला सांगून जावं. तुम्ही एवढं केलंत.”

“सोडणार? का?”

“वीस जणींची वस्तू सांभाळता आली नाही. नवीन मी माझ्या पगारातून घेऊन देईन, ते होईल. पण पुढे त्या दोघींच्या आजारपणाच्या सुनावणीत वरचे साहेब विचारतील, या नोंदी ठेवल्या कुणी? तर जिला लॅपटॉप वाफेपासून वाचवता येत नाही, तिने. मग त्या नोंदीवर कोण विश्वास ठेवेल? दुसरी कुणी नीटनेटकी बाई हवी.”

“आहे का दुसरी?”

ती जरा हसली. “नाही. बघू.”

त्या क्षणी सांगायला काय जात होतं? तीन पावलांवर उभी होती. सून-रे पलीकडून डोळे वटारून बघत होती. दोक-सूच्या तोंडून निघालं, “वाफेचं म्हणाल तर, तसं काही...” आणि पुढे नुसता खोकला. बाई म्हणाली, “तुम्ही पाणी प्या,” आणि गेली.

शुक्रवारी दुपारी त्याने शटर ओढलं. जळलेला बोर्ड, तिचा तुटका अडॅप्टर आणि आपला एकोणीसचा पिशवीत घालून तो शाळेच्या मागच्या दाराशी गेला. बाया भांडी घासून बाहेर पायरीवर बसल्या होत्या, रबरी बूट काढून. ह्वा-जा उठून आली.

“लॅपटॉप मी जाळला,” तो म्हणाला. “तुमची फक्त वायर तुटली होती. मी चुकीचा अडॅप्टर लावला.”

ती त्याच्याकडे माया दाटून आल्यासारखी बघायला लागली. “मालक, तुम्ही माझ्यासाठी एवढ्या लांब आलात. पण मन राखायला असं बोलू नका. मला सवय आहे.”

बघा, काय अवस्था झाली. चार दिवस देवमाणूस म्हणून मिरवलं, आता खरं बोललेलं कुणी खरं मानेना. पायरीवरची एक तर म्हणाली, “अशी माणसं राहिली नाहीत हो.”

दोक-सूने खिशातून चष्मा काढून नाकावर ठेवला. दोन्ही अडॅप्टर तिच्या हातात दिले. “हे वाचा. इथे बारा. इथे एकोणीस. आणि हा डाग बघा, पिनेच्या मागेच आहे. वाफेने अख्खी पाटी गंजते, एका जागी टिकली लावल्यासारखी जळत नाही. तुम्ही कॉफी आणायला गेला होतात. तेव्हा. मला आकडा दिसला नाही आणि चष्मा लावायची लाज वाटली.”

तिने वाचलं. परत वाचलं. मग तिच्या चेहऱ्यावरची माया हळूहळू उतरत गेली, चुलीवरून एकेक भांडं उतरवावं तशी.

“मी विचारलं होतं तुम्हाला. वाफेने गेला का, म्हणून.”

“हो.”

“तुम्ही हं म्हणालात.”

“हो.”

“चार दिवस मी झोपले नाही. शेजारणीचं ऐकलं नाही म्हणून तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले.” तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. “आणि खरपुडी? खाल्लीत?”

“खाल्ली.”

“सगळी?”

“सगळी.”

पायरीवर कुणी हसलं नाही. ह्वा-जा आत गेली. दोक-सूला वाटलं, संपलं, आता जावं. पण ती वही आणि पेन घेऊन बाहेर आली, पायरीवर बसली, गुडघ्यावर वही उघडली.

“सांगा,” ती म्हणाली. “सोमवार. किती वाजता?”

“सव्वाचार असतील.”

“असतील नको. बरोबर सांगा.”

“चार वाजून वीस मिनिटं.”

“अडॅप्टर किती व्होल्टचा? कुणी लावला? त्याचं पूर्ण नाव?” ती एकेक अक्षर लिहीत गेली, जशी धुराची नोंद लिहायची तशीच. खाली त्याची सही घेतली. “नवीन लॅपटॉप तुम्ही द्यायचा. सर्व्हिस म्हणून नाही. पावती करायची, आणि पावतीवर कारण लिहायचं.” मग बायांकडे वळून म्हणाली, “शनिवारी पहिला विषय हा वाचते. मीच वाचते. पद सोडायचं आता रद्द.”

त्याला तिने चहा विचारला नाही. त्यानेही वाट पाहिली नाही.

लॅपटॉप दिला, पावती दिली. बाया परत कधी आल्या नाहीत. कुणाला वाटेल, आता त्याचं मन हलकं झालं असेल. अजिबात नाही. उलट तेव्हापासून त्याला जुनी गिऱ्हाइकं आठवायला लागली. एकतीस वर्षं. “पोराने आपटला असेल ना?” “मीच काहीतरी नको ते दाबलं असेल ना?” असं म्हणत जी माणसं गाळ्यासमोर उभी राहिली, त्यांतल्या किती जणांना त्याने खरं सांगितलं आणि किती जणांना नुसतं हं? सगळी त्याच्या हातून बिघडली असं नाही. पण काही बिघडली होती. एक आजोबा होते, त्यांनी तिथेच नातवाला फोन करून झापलं होतं. दोक-सू तेव्हा स्क्रू फिरवत होता. पत्ते त्याच्याकडे नाहीत, नावंही नाहीत.

म्हणून त्याने हे लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं. तुम्ही कधी त्या दुसऱ्या मजल्यावर बंद पडलेला लॅपटॉप ठेवून गेला असाल, आणि घरी जाऊन स्वतःला किंवा पोराबाळांना बोल लावला असेल, तर या. लॅपटॉप नसला तरी चालेल. त्याच्यासमोर उभे राहा आणि विचारा, माझा कुणी बिघडवला होता.