गळतीकाकांचा मांडव

गच्च्या आणि छपरांची गळती थांबवणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळी गल्ली त्यांना गळतीकाका म्हणायची. त्यांनी डांबर ओतलेल्या गच्चीतून थेंब झिरपला असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्यांच्या तोंडाला मात्र कुठलाच लेप लागू पडत नसे.

त्यात एका रविवारी चर्चमध्ये बाहेरगावचे उपदेशक आले आणि यहुद्यांच्या जुन्या सणांचं आपल्या श्रद्धेशी असलेलं नातं उलगडून गेले. वल्हांडण सणाला बळी द्यायचं कोकरू म्हणजे वधस्तंभावरचा ख्रिस्त, पहिल्या पेंढीचं अर्पण म्हणजे त्याचं पुनरुत्थान, सप्ताहांचा सण म्हणजे पवित्र आत्म्याचं उतरणं. उपदेशक निघून गेले, पण काका पेटले ते पेटलेच. लग्नात नवरदेवाला कोपऱ्यात गाठून ते कोकराबद्दल सांगत. मयताला गेले, तर पेटी उचलायच्या आत पेंढीवर येत. पाळकसाहेब त्यांना लांबून पाहिलं की घाईचं काम काढत.

शेवटी काकांनी ठरवलं, मांडवांचा सण करूनच दाखवायचा. वाळवंटात भटकताना यहुद्यांचे पूर्वज झोपड्यांत राहिले, त्याची ही आठवण. काकांच्या मते त्याचा खरा अर्थ एवढाच, की देव माणसांत वस्तीला येणार होता. त्यांनी चर्चच्या आवारात मांडव ठोकला. वर प्लायवूड, त्यावर डांबरी कापड, सांधे चोख बुजवलेले. ‘जिवंत पुरावा’ म्हणून आपल्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या चष्मेवाल्यांना बोलावलं. ते यहुदी, दरवर्षी घरामागच्या अंगणात मांडव घालणारे. शेजारधर्म म्हणून बिचारे आले.

काकांनी सगळ्यांसमोर तासभर त्यांना त्यांचाच सण समजावला. “थोडक्यात काय, यांचे सण ही रंगीत तालीम. खरं नाटक आपल्याकडे झालं!”

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला. “म्हणजे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तालीमच करतोय? मग प्रयोगाच्या दिवशी कळवायचंत तरी.”

पाळकसाहेबच सगळ्यांत आधी हसले. चष्मेवाल्यांनी वर पाहिलं. “छत मजबूत आहे हो. पण मांडवाच्या छतातून आभाळ दिसायला हवं.”

“भोकं ठेवू? मी?” काकांचा आवाज चिरकला.

घरी आल्यावर ते धुमसत होते. “आपलं काय चुकलं? नातंच तर दाखवलं!”

काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “अहो, तुमच्या आईचा संसार ही माझ्या संसाराची तालीम होती, असं मी सासूबाईंना म्हटलं असतं, तर या घरात टिकले असते का?”

काकांना आपली आई चांगलीच ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाक मुठीत धरून ते काकूंसोबत चष्मेवाल्यांच्या अंगणात गेले. “काल जरा जास्तच बोललो,” एवढं त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं.

“बसा, सूप गरम आहे,” चष्मेवाले म्हणाले.

मांडवावर नुसत्या फांद्या टाकलेल्या. काका बसले, पण नजर छतावरून हलेना. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली आणि एक थेंब त्यांच्या सुपात टपकला.

“गळतंय!” काका अर्धे उठले. “उद्या सकाळी माणसं पाठवतो. फुकट!”

“गळू द्या हो. पक्क्या घरात बसलं की माणसाला वाटतं, सगळं आपल्याच हातात आहे. म्हणून हे आठ दिवस असे.”

काकांच्या ओठांवर आलं, ‘याचा आमच्याकडे अर्थ असा...’ काकूंनी त्यांच्या पायावर पाय दिला. चष्मेवाल्यांना ते दिसलं.

“बोलू द्या त्यांना, नाहीतर पोटात दुखेल.”

“देवही असाच कच्च्या घरात राहायला आला, आपल्यासारखा भिजला, असं आम्ही मानतो,” काका हळूच म्हणाले.

“चांगलं आहे,” चष्मेवाले म्हणाले. “ते तुमचं. हे आमचं. सूप निवतंय.”

पुढच्या रविवारी बायबल वर्गात एका बाईंनी विचारलं, “काका, यहुदी लोक या सणाला नेमकं कशासाठी देवाचे आभार मानतात?” काका उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, “मला माहीत नाही. चष्मेवाल्यांना विचारून सांगतो.”

पाळकसाहेबांनी काकूंना बाजूला घेऊन काळजीने विचारलं, “यांची तब्येत बरी आहे ना?”