तिसऱ्या मशीनची निळी स्प्रिंग

सकाळी सव्वासहाला मी तिसऱ्या मशीनखाली मोबाईलचा टॉर्च मारला. निळी स्प्रिंग जागेवर होती, पण ती कालची नव्हती. आदल्या संध्याकाळी निघताना मी तिच्या हुकावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. या स्प्रिंगवर ठिपका नव्हता. ठिपकेवाली सापडली खिडकीजवळच्या सहाव्या मशीनला. ते मशीन आम्ही फारसं वापरत नव्हतो.

म्हणजे कोणीतरी स्प्रिंगांची अदलाबदल करत होतं. कोण, याबद्दल माझं मत तेव्हाच पक्कं झालं होतं.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. गेली नऊ वर्षं नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत पिलाटीज शिकवते. हा व्यायाम दोन प्रकारे करतात. एक मॅटवर. त्यात आपलं वजन आणि आपलाच श्वास, बाकी काही नाही. दुसरा मशीनवर. त्या मशीनला रिफॉर्मर म्हणतात. लांबट पलंगासारखी चौकट असते आणि तिच्यावर रुळांवरून पुढेमागे सरकणारी गादी. या गादीला आम्ही कॅरेज म्हणतो. कॅरेजखाली स्प्रिंगा असतात. आमच्याकडे लाल म्हणजे जड, निळी मध्यम, पिवळी हलकी. लोकांना वाटतं, जास्त स्प्रिंगा लावल्या की व्यायाम अवघड. नेहमी तसं नसतं. उभ्याने करायच्या काही व्यायामांत एकच स्प्रिंग लावतात. तेव्हा कॅरेजला धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं.

तक्रार पहिल्यांदा केली बच्छाव मॅडमनी. कळवणकडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आता मुलाकडे नाशिकला राहायच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून तीनदा तिसऱ्या मशीनवर यायच्या.

"वैशाली, परवा हे मशीन हलकं होतं, आज लय जड लागतंय. माझा गुडघा बिघडला का तुमचं मशीन?"

"गुडघा छान आहे, मॅडम. मशीन बघते मी."

मी ते मालकांना सांगितलं. पंकज सर. स्टुडिओ त्यांचा, शिकवणं आमचं. ते म्हणाले, "नवीन मुलगी आल्यापासूनच हे सुरू झालंय ना? लक्ष ठेवा."

नवीन मुलगी म्हणजे नाझनीन. वय एकतीस. माहेर मालेगावचं, लग्नानंतर नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ राहायची. मुंबईत रीतसर कोर्स करून आलेली. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती. बोलायची कमी. सकाळची बॅच सातची असताना ही साडेपाचला येऊन स्टुडिओ उघडायची. एवढ्या लवकर कशाला, असा प्रश्न मला पडला होता. मी तो तिला सोडून सगळ्यांना विचारला. रिसेप्शनवरच्या मुलीला विचारला, सफाईच्या मावशींना विचारला, घरी नवऱ्यालाही विचारला. मावशी म्हणाल्या, "ती मशीनखाली झोपून काय करती, देव जाणे."

तेव्हापासून मला तिचं सगळंच खटकू लागलं. मी खोलीत शिरले की ती फोन खाली ठेवायची, तेही मनात नोंदलं गेलं. तिची पाठीवरची सॅक मला जड वाटायला लागली. ती मला चहा विचारायची, मी नको म्हणायचे.

ठिपका सहाव्या मशीनवर सापडला त्याच दुपारी पंकज सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि मोबाईलवर कॅमेऱ्याची क्लिप दाखवली. नाझनीन एकटी, टॉर्च घेऊन मशीनखाली. एक स्प्रिंग काढते. कानाजवळ धरून बोटाने वाजवते. दुसरी वाजवते. मग एक इकडे लावते, एक तिकडे.

"स्वतःचा स्टुडिओ काढायचा असेल," सर म्हणाले. "आमची मशीन बिघडली की क्लायंट फिरतील. तुम्ही सीनियर आहात. तुम्हीच बोला तिच्याशी. मी बोललो तर उगाच वेगळा अर्थ निघेल."

वेगळा अर्थ कोणता, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहालाच पोचले. नाझनीन तिसऱ्या मशीनपाशी जमिनीवर बसली होती. हातात माझी ठिपकेवाली स्प्रिंग.

"हे काय चाललंय?"

ती दचकली, पण स्प्रिंग लपवली नाही. "मॅडम, ही बरोबर नाहीये. सहावं मशीन कोणी वापरत नाही, म्हणून मी तिकडे लावते. काल कोणीतरी परत इकडे आणून लावली."

ते कोणीतरी म्हणजे मी. आदल्या दिवशी ठिपका बघून मीच ती परत तिसऱ्याला लावली होती.

"बरोबर नाही म्हणजे काय?"

"आवाज बघा ना." तिने दोन स्प्रिंगा वाजवल्या. एक खणखणीत वाजली, दुसरी बसक्या आवाजात. "अब्बा मालेगावला पॉवरलूमचे फिटर होते. स्प्रिंग तुटायच्या आधी असाच आवाज करते. लहानपणापासून ऐकलाय मी."

खरं सांगते, मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. शिवाय क्लिप डोक्यात होती. मी म्हणाले, "या नव्या स्प्रिंगा आहेत. चार महिन्यांपूर्वी आल्यात. हा पिलाटीजचा स्टुडिओ आहे, पॉवरलूम नाही."

तिचा चेहरा पडला. मी तिच्या हातून स्प्रिंग घेतली, तिसऱ्याला अडकवली आणि तिला बाहेर बसायला सांगितलं.

सात वाजता बच्छाव मॅडम आल्या. मी त्यांना मशीनवर घेणार, तेवढ्यात नाझनीन दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, मला काढून टाका पाहिजे तर. पण आज यांना मॅटवर घ्या. प्लीज."

बच्छाव मॅडम एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. "काय भानगड आहे?"

क्लायंटसमोर हे झालं याचा मला राग आला. म्हणाले, "काही भानगड नाही. याच एका स्प्रिंगवर मी उभी राहून दाखवते. मग तर झालं?"

बाकीच्या स्प्रिंगा सोडल्या. फक्त निळी ठेवली. एक पाय कडेच्या स्थिर फळीवर, दुसरा कॅरेजवर. पायांनी कॅरेज बाहेर ढकलायची आणि मांडीच्या आतल्या स्नायूंनी सावकाश परत आणायची. हा व्यायाम मी शेकडो वेळा केलेला आहे. पहिली खेप नीट झाली. दुसरीही. नाझनीनकडे बघून मी हसलेसुद्धा.

तिसऱ्या खेपेला टण् असा आवाज झाला आणि माझ्या डाव्या पायाखालची कॅरेज निघूनच गेली. दोन्ही पाय दोन दिशांना फाकले. मांडीच्या आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. मी मागे कोसळले, पण डोकं चौकटीवर आपटलं नाही. नाझनीनने धावत येऊन मला काखेतून धरलं होतं. कॅरेज परत माझ्या पायावर येऊ नये म्हणून तिने स्वतःचा पाय मध्ये घातला होता.

"हलू नका. श्वास घ्या. कुठे दुखतंय?" ती विचारत होती. हे प्रश्न एरवी मी विचारते.

बच्छाव मॅडम चष्मा लावून वाकल्या आणि तुटलेला तुकडा उचलला. "अगं वैशाली, आतून पार गंजलीय ही. आणि निळ्या रंगाखाली हिरवा रंग आहे बघ."

मी बघितलं. आमच्या मशीनच्या कंपनीत हिरवी स्प्रिंगच नसते. ती दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनची, वापरून झालेली, वरून रंगवलेली होती. बाकीच्या स्प्रिंगा नाझनीनने नखाने खरवडून दाखवल्या. आणखी अकरा स्प्रिंगांच्या रंगाखाली हिरवा निघाला.

पंकज सर अर्ध्या तासात आले. मी मांडीला बर्फ लावून मॅटवर पडले होते.

"सर, या स्प्रिंगा कुठून आणल्या?"

"त्या... पुण्यात एक स्टुडिओ बंद झाला, त्यांच्याकडच्या. अंबड एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून चांगल्या करून घेतल्या होत्या. दिसायला नवीनच होत्या ना?"

नाझनीन शांतपणे म्हणाली, "सर, मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बदलून घेतो, तोवर कोणाला बोलू नकोस, क्लायंट घाबरतील."

सर खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी मला ती क्लिप दाखवली होती. मीही, काही न विचारता, ती त्यांना हवी तशीच बघितली होती.

बच्छाव मॅडमनी तो तुकडा रुमालात गुंडाळला. "हा माझ्याजवळ राहील. पंकज, ही मशीन आजच्या आज बंद करायची. नवीन माल आला की कंपनीचं बिल मला दाखवायचं. तोवर मी रोज येऊन खुर्ची टाकून बसणार आहे." आणि त्या खरंच रोज येऊन बसल्या.

पाच आठवडे स्टुडिओ फक्त मॅटवर चालला. क्लायंटना मी खरं कारण सांगितलं. काही जण सोडून गेले, बरेच थांबले. मला नीट चालता येत नव्हतं, म्हणून मी खुर्चीत बसून सूचना द्यायचे आणि नाझनीन करून दाखवायची. तिचं काम मी पहिल्यांदाच नीट बघितलं. माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

नवीन स्प्रिंगा आल्या, तिनेच एकेक तपासून बसवल्या. त्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती हुक घट्ट करत होती. हात न थांबवता म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझ्याबद्दल मावशींना विचारलं, रिसेप्शनला विचारलं. मला कळत होतं. मी वाट बघत होते, मला कधी विचाराल."

प्रोबेशन संपायच्या आत तिने नोकरी सोडली. आता ती द्वारका चौकाजवळ बायकांसाठी मॅटचे क्लास घेते. बच्छाव मॅडम तिकडे जातात. मला तिने कधी बोलावलं नाही, आणि मीही आपणहून गेले नाही. मीही तो स्टुडिओ सोडून दुसरीकडे शिकवते.

काहीतरी गडबड आहे हा माझा संशय बरोबर होता. तो मी चुकीच्या माणसावर घेतला, कारण ते माणूस नवीन होतं, एकटं होतं आणि कोणीतरी माझ्यासमोर त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. आता एखाद्या सहकाऱ्याबद्दल कोणी माझ्या कानाशी लागलं, की मी सरळ त्या सहकाऱ्यापुढे जाऊन विचारते. त्याला दोन मिनिटं लागतात. माझी मांडी बरी व्हायला दोन महिने लागले.