एकाच पदाचे तीन टेक

तिसऱ्या टेकलाही वैदेहीने पद वेगळंच गायलं. दिग्दर्शक देवदत्तने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. निर्मात्या गीता मॅडम मॉनिटरसमोरून उठल्या.

"गाते छान," त्या म्हणाल्या. "पण मंजिरी, या मुलीचं पाठांतरच नाहीये."

आम्ही वाराणसीत होतो. संकठा घाटाजवळच्या गल्लीत कमलाकाकूंचं घर आहे, त्याचा वरचा मजला आम्ही ऑडिशनसाठी घेतला होता. एका मराठी संगीत नाटकावर चित्रपट होणार होता आणि मी त्याची कास्टिंग डायरेक्टर होते. कुठल्या भूमिकेत कोण शोभेल हे शोधायचं आणि दिग्दर्शक-निर्मात्यांपुढे ठेवायचं, हे माझं काम. शेवटचा शब्द माझा नसतो. नाटकाची गोष्ट काशीतल्या मराठी घरातली. म्हणून छोट्या भूमिका इथल्याच मराठी मंडळींतून निवडायच्या होत्या, आणि नायक-नायिकेची कॅमेरा टेस्टही इथेच घ्यायची होती.

नायक ठरल्यासारखा होता. रोहित मालिकांमधला लोकप्रिय चेहरा, कामाला चोख. नायिकेसाठी दोन नावं होती. एक हिंदी चित्रपटांतली ओळखीची अभिनेत्री. ती आली तर प्लेबॅक, म्हणजे गाणार दुसरी आणि ओठ हलवणार ही. दुसरी वैदेही. हीच भूमिका ती रंगमंचावर पाच वर्षं करत होती. देवदत्तला ती हवी होती, कारण त्याला पदं शूटिंगच्या वेळीच, अभिनय करता करता रेकॉर्ड करायची होती. संगीत नाटकात बोलता बोलता पद सुरू होतं. बोलणारी एक आणि गाणारी दुसरी असली की तो सांधा प्रेक्षकाला खटकतो, असं त्याचं म्हणणं.

वैदेही नाटकाचा दौरा अर्ध्यावर सोडून आली होती. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली होती आणि ती उत्तम गाते आहे, असे फोन पुण्याहून येत होते. इथे नकार मिळाला तर परत जायला भूमिका उरली नव्हती. हे तिला माहीत होतं, आणि तिला आणणारी मी असल्यामुळे मलाही.

खरं तर आदल्या दिवशी सगळं ठरल्यातच जमा होतं. स्थानिक ऑडिशन संपल्यावर काकूंनी वैदेहीला गायला सांगितलं. शेजारपाजारची मराठी कुटुंबं जिन्यापर्यंत बसली होती. तिने नायिकेचं मुख्य पद म्हटलं. नवरा भांडून नावेतून पलीकडे रामनगरला निघालाय आणि ती घाटावरून त्याला हाक मारते, असा तो प्रसंग. पद संपलं आणि खोली उसळली.

"काय गजब गाते हो ही पोर!" काकू ओरडल्या. "अगं, आणखी एकदा होऊन जाऊ दे!"

मागून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. "वन्स मोअर! अहो, आमच्या बनारसमध्ये कित्येक सालांत असं ऐकायला नाही मिळालं!"

ती पुन्हा गायली. मग पुन्हा. दर वेळी नवी जागा, नवी तान. गीता मॅडमही टाळ्या वाजवत होत्या. रोहित कोपऱ्यात मांडीवर ठेका धरून बसला होता. रात्रीचं जेवण काकूंकडे झालं आणि देवदत्तने तीन वेळा खीर घेतली.

आणि आता कॅमेऱ्यासमोर हे.

अडचण काय होती ते सांगते. एका प्रसंगाचं चित्रण अनेकदा होतं. एकदा लांबून, एकदा जवळून, एकदा समोरच्या माणसावर कॅमेरा ठेवून. नंतर संकलक हे तुकडे जोडतो. त्यासाठी प्रत्येक वेळी सगळं तंतोतंत तसंच लागतं. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये तान वर गेली आणि जवळच्या शॉटमध्ये खाली आली, तर जोडायचं काय?

रोहितची पंचाईत वेगळीच होती. सरावासाठी आम्ही त्याला पदाचं कच्चं रेकॉर्डिंग दिलं होतं. कुठे थबकायचं, कुठे मान वळवायची, हे त्याने त्यावरून बसवलं होतं. ठरलेल्या जागी तो वळला, तेव्हा वैदेहीने हाकेचा शब्द अजून उच्चारलाच नव्हता. ती आलापात होती.

"मी वळून बघतोय कोणाकडे?" रोहित वैतागला. "हिने बोलावलंच नाही अजून!"

"तू थांब ना जरा," वैदेही म्हणाली.

"किती थांबू? गंगा वाहून जाईल!"

गीता मॅडमनी मोबाईल हातात घेतला. "मी मुंबईला फोन करते. प्लेबॅक करू. निदान वेळेत काम होईल."

मी दहा मिनिटं मागितली आणि वैदेहीला गच्चीत नेलं.

"तेच का गात नाहीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "तेच? ताई, सर म्हणाले पुन्हा एकदा. पुन्हा म्हटल्यावर तेच कसं गायचं? लोकांनी वन्स मोअर दिला आणि मी तेच गायले, तर ते उष्टं वाढल्यासारखं होतं. माझ्या गाण्याच्या बाईंनी पहिल्या दिवशी शिकवलेलं हे."

"इथे लोक नाहीत. इथे पुन्हा म्हणजे तंतोतंत तसंच."

"मग तसं सांगायचं. तंतोतंत गाते."

खाली येऊन ती गायली. दोनदा, अगदी तंतोतंत. साउंड रेकॉर्डिस्टने एकावर एक लावून पाहिलं आणि अंगठा वर केला. रोहित बरोबर जागी वळला. काहीही चुकलं नाही.

काकू दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बरी आहे ना हिची तबियत?"

देवदत्तने डोकं धरलं. गीता मॅडमनी फोन खाली ठेवला, पण पर्समध्ये टाकला नाही. आता निवड सरळ होती. चुकणारी जिवंत वैदेही, किंवा न चुकणारी ही. न चुकणारीच हवी असेल, तर मुंबईची अभिनेत्री काय वाईट होती?

मी म्हटलं, "तुकडे करूच नका. पूर्ण पद एका शॉटमध्ये घ्या. कॅमेरा नावेत, रोहितच्या बाजूला. समोर घाटावर ती. जोडायचंच नसेल तर जुळवायचं काय?"

"आणि रोहितचं काय?" देवदत्तने विचारलं. "तो वळणार कधी?"

"त्याला रेकॉर्डिंग विसरू दे. तिने बोलावलंय असं वाटेल तेव्हा वळेल."

सगळ्यांनी रोहितकडे पाहिलं. त्याचं करिअर ठरलेल्या खुणेवर उभं राहण्यात गेलेलं. तो नाही म्हणाला असता तर विषय तिथेच संपला असता.

"आणि वाटलंच नाही तर?" तो म्हणाला.

"तर जा रामनगरला," वैदेही म्हणाली.

पहिल्यांदा तो हसला. "चालेल. पण काय गाणार ते मला सांगू नकोस."

गीता मॅडमनी अट घातली. सकाळी घाटावर तीन टेक. पटलं नाही तर मुंबईला फोन, आणि त्यावर चर्चा नाही.

सकाळी ऊन पाण्यावर आलं तेव्हा आम्ही नावेत होतो. रोहित पुढे घाटाकडे पाठ करून, त्याच्या बाजूला कॅमेरामन, देवदत्त आणि मी. गीता मॅडम घाटावर मॉनिटरपाशी. वैदेहीच्या पदरात माईक लपवलेला होता आणि कानात तानपुऱ्याचा सूर. नावाडी बिरजू भैयांना सांगून ठेवलं होतं की रोहित वळला की वल्हं थांबवायचं.

पहिल्या टेकला रोहित लवकर वळला. जुनी सवय. दुसऱ्याला वैदेहीने सुरुवातच खालच्या सुरात केली, जवळजवळ बोलल्यासारखी. नाव पुढे चालली होती. रोहितची पाठ ताठ झाली, पण तो वळला नाही. तिने हाकेचा शब्द घेतला, तरी तो वळला नाही. देवदत्तने माझं मनगट पकडलं. घाट लांब चालला होता. तिने तोच शब्द पुन्हा घेतला, या वेळी वर, आणि वरच ठेवला. बिरजू भैयांनी वल्हं थांबवलं. रोहित अजून वळलेला नव्हता. बिरजू भैयांनाच राहवलं नव्हतं.

नाव थांबल्याचं जाणवलं आणि रोहित दचकून वळला. चेहऱ्यावर अभिनयाचा मागमूस नव्हता. देवदत्त 'कट' म्हणायचं विसरला.

"माफ करना भैया," बिरजू म्हणाले. "हमसे रहा नहीं गया."

घाटावर पोचलो तर गीता मॅडम पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत आल्या होत्या. फोन वर मॉनिटरपाशीच राहिला होता. "तिसरा टेक घ्यायचा का?" देवदत्तने विचारलं.

"घ्या. मला ऐकायचंय," त्या म्हणाल्या.

तिसराही वेगळाच झाला. करारावर वैदेहीची सही दुपारी काकूंच्या खोलीत झाली. पुढे प्रत्यक्ष शूटिंगमध्ये ते पद एका शॉटमध्येच घेतलं आणि नावेवर बिरजू भैयाच होते. चित्रपटातही नाव आधी थांबते आणि नायक मग वळतो. समीक्षकांनी त्याचं श्रेय दिग्दर्शकाच्या सूक्ष्म दृष्टीला दिलं. देवदत्तने ते नाकारलेलं नाही.

माझ्या कामात एवढाच फरक पडला. नायक-नायिकेच्या टेस्ट मी आता वेगवेगळ्या घेत नाही. आणि रंगभूमीवरून आलेल्या गायक नटाला 'पुन्हा एकदा' म्हणण्याआधी स्वतःला विचारते, तसंच हवंय की नवं, ते मी सांगितलंय का?